वावरांची नावे कोण सांगणार?

जातीचा दाखला काढायला निघालेला तांड्यातला मुलगा आधी आजीपाशी येऊन बसतो. आजोबांचे नाव कोणत्या शाळेत घातले होते, तेव्हा तांडा कोणत्या नायकाच्या नावाने ओळखला जाई, पणजोबा कोणाच्या वावरात सालदार होते, हे सगळे तिला ठाऊक असते. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींत मोडतो आणि त्याच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आंध किंवा गोंड घरातल्या मुलाला त्याहून मागे, ६ सप्टेंबर १९५० पर्यंत जावे लागते. आजीने एखाद्या गावाचे नाव घेतले की तिथल्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहायचे, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधायची. तिला नाव आठवले नाही, तर कोणते रजिस्टर मागायचे इथूनच अडचण सुरू होते.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या काठी वसलेल्या उमरखेड तालुक्यात घरोघरी हा शोध कधी ना कधी घ्यावा लागतो. तालुक्याच्या एका अंगाला पैनगंगा अभयारण्य आहे. त्या जंगलपट्ट्यातल्या गावांना सगळा मुलूख ‘बंदी भाग’ म्हणून ओळखतो. तिथे बंजारा तांडे आहेत, आंधांच्या वाड्या आहेत, गोंड, मराठा-कुणबी, बौद्ध, मुस्लिम अशी मिश्र वस्तीची गावे आहेत. सुगी संपली की ऊसतोडीला, बांधकामावर, पुण्या-मुंबईकडे किंवा हैदराबादेला माणसे जातात. काही परततात, काही तिथेच राहतात. मागे उरलेल्या म्हाताऱ्या माणसांजवळ गावाचा अलिखित दप्तरखाना असतो आणि एकेक माणूस गेला की त्यातला एकेक रुमाल कायमचा बांधला जातो.

गावाची आणि घराची आठवण आजवर कोणी सांभाळली, ती कुठे निसटली आणि आज ती राखण्यासाठी काय चालले आहे, हा प्रश्न एका तालुक्याचा नाही. पण पैनगंगेच्या काठावरून पाहिले, तर त्याच्या बहुतेक बाजू एकाच नजरेत येतात.

एक नदी, दोन दप्तरे

उमरखेडहून दक्षिणेला निघाले की पैनगंगेचा पूल ओलांडताच विदर्भ संपतो आणि मराठवाडा लागतो. पलीकडे नांदेड जिल्ह्यातले हदगाव आणि हिमायतनगर हे तालुके. दोन्ही काठांवर सोयरिकी आहेत, बाजार एक आहेत, सहस्रकुंडाचा धबधबा दोघांचा आहे. कागद मात्र वेगळे आहेत.

अलीकडचा काठ ज्यात येतो ते वऱ्हाड निजामाने १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. १९०२ च्या करारानंतर ते कायमच्या पट्ट्याने मध्य प्रांताला जोडले गेले. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. नदीपलीकडचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे अलीकडच्या काठाची कागदपत्रे मराठीत, मोडीत आणि इंग्रजीत, तर पलीकडची बरीचशी उर्दूत. इकडे कोतवाल बुक आणि हक्कनोंदणी शोधायची, तिकडे १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक. इकडचा माग यवतमाळ आणि नागपूरच्या अभिलेखागाराकडे जातो, तिकडचा थेट हैदराबादला.

पणजोबा हदगावकडचे, पणजी उमरखेडची आणि आजोबांची शेती दोन्ही काठांवर, अशा घराला आपला शंभर वर्षांचा इतिहास मांडायचा तर चार लिप्या आणि दोन राज्यांची दप्तरे जुळवावी लागतात. मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा हा प्रश्न घराघरांत पोहोचला. मोडी वाचणारी माणसे शोधली जाऊ लागली, उर्दू नोंदींचे भाषांतर करून घेण्यासाठी धावपळ झाली. मराठा आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू काहीही असो, आपल्या घराचा कागद आपल्यालाच वाचता येत नाही, ही जाणीव त्या निमित्ताने हजारो कुटुंबांना झाली.

नदीच्या या सीमेने आणखी एक आठवण मागे ठेवली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात संस्थानच्या हद्दीबाहेर जे सरहद्दीचे कॅम्प उभे राहिले, त्यांत उमरखेडचाही कॅम्प होता. अनंत भालेराव यांच्या ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथाने त्या लढ्याची मोठी कथा मराठीत आणली. पण रात्री नदी ओलांडून येणाऱ्यांना भाकरी कोणी दिली, निरोप कोणी नेला, जनावरे कोणाच्या गोठ्यात बांधली, या गोष्टी घराघरांत विखुरलेल्या राहिल्या. त्या वेळी वीस वर्षांचा असलेला माणूस आज शंभरीच्या जवळ आहे.

आठवणीचे वतनदार

जुन्या गावगाड्यात आठवण ठेवणे हे काम होते आणि त्या कामाला मोबदला होता. बंजारा समाजात ढाडी तांड्यातांड्यांतून फिरत. यजमानाच्या गोताची, पाड्याची, पूर्वजांची गाणी म्हणत आणि बिदागी घेऊन पुढच्या तांड्याकडे जात. राठोड, पवार, चव्हाण, जाधव अशी थोडकीच आडनावे असलेल्या समाजात नुसत्या आडनावाने काही कळत नाही. दोन अनोळखी गोर, म्हणजे बंजारा, माणसे भेटली की गोत आणि पाडा विचारतात, कारण सोयरीक जुळते की नाही हे त्यावरच ठरते. ही उतरंड ढाडींच्या तोंडी असे.

गोंडांसाठी हेच काम परधान करत. हातात किंगरी हे तंतुवाद्य घेऊन परधान आपल्या गोंड यजमानाच्या कुळाची, पेनांची म्हणजे देवांची, स्थलांतराची कथा गात. किनवट, केळापूर, आदिलाबाद हा त्यांचा मुलूख. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून केलेल्या अभ्यासात परधानांच्या या गायनाला मोठी जागा दिली. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर १९४६ मध्ये पुस्तक लिहिणारे शामराव हिवाळे तर आपल्या सोलापूरचेच.

दक्षिण महाराष्ट्रात हेळवी येतात, बैलावर बसून, बाडात वंशावळी घेऊन. नाशिक-त्र्यंबकेश्वरला क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूंनी आपल्या हाताने लिहिलेली नावे असतात. शे-दीडशे वर्षांपूर्वी आलेल्या पूर्वजाची सही तिथे पाहून आजही माणसे गहिवरतात.

गावाच्या शिवेची आठवण होती महाराकडे. कोणता दगड कोणत्या गावाचा, ओढ्याने पात्र बदलले तर जुनी हद्द कुठून जात होती, हे त्याला माहीत असे आणि शिवेच्या भांडणात त्याची साक्ष मोलाची मानली जाई. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ या १९१५ च्या पुस्तकात बलुतेदारीची ही सगळी चौकट तपशिलाने दिसते. ती वाचताना एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या माणसाच्या शब्दावर गावाची हद्द ठरे, त्यालाच त्या गावात पाणवठ्यावर जाण्याची मुभा नव्हती. डॉ. आंबेडकरांनी महारवतनाविरुद्ध इतकी वर्षे झगडून ते जू उतरवायला लावले, ते याचसाठी. मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. ढाडी, परधान, हेळवी यांच्या पुढच्या पिढ्यांनीही यजमानाच्या दारात उभे राहणे सोडले, शाळा शिकल्या, नोकऱ्या धरल्या.

हे झाले ते चांगलेच झाले. आठवणीसाठी ती लाचारी परत यावी, असे कोणीही म्हणणार नाही. मात्र जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट पक्की होती. आठवण कोणी ठेवायची हे ठरलेले होते, ती कोणाला सांगायची हे ठरलेले होते आणि ऐकणाऱ्यावर काही देणे लागत होते. ही व्यवस्था मोडली आणि तिच्या जागी सन्मानाची, बरोबरीची दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही. गावाची आठवण आज निराधार झाली आहे ती यामुळे.

वंशावळीत न मावलेल्या

जुन्या वंशावळी पाहिल्या तर बाप, मुलगा, नातू अशी वेल खाली उतरते. तिच्यात लेकी नसतात. सून येते ती ‘अमक्याची पत्नी’ म्हणून. स्त्रियांनी आपली आठवण वेगळ्या ठिकाणी ठेवली. जात्यावर, पाळण्यापाशी, लग्नाच्या मांडवात.

जात्यावरच्या ओवीत माहेरच्या गावाचे नाव येते, वाटेवरचा ओढा येतो, भावांची नावे येतात, सासरचा जाच येतो, पंढरीची वाट येते. पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. हात सुटले तशा ओव्याही सुटू लागल्या. १९८० च्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांचे ध्वनिमुद्रण आणि संगणकीय संग्रहाचे काम केले. आता हा ठेवा ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संग्रहात गायिकेच्या नावासह, गावासह ऐकायला मिळतो. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून त्याआधी केलेले संकलन आणि हे काम शेजारी ठेवले, तर या दुसऱ्या कामाचे वेगळेपण लक्षात येते. इथे ओवी कोणा एकीची आहे. तिचे नाव, तिचा आवाज आणि तिचे गाव तिच्या ओवीबरोबर चालते.

गोर स्त्रियांच्या ‘ढावलो’ या गीतप्रकाराला असाच सांभाळ हवा आहे. लग्न होऊन निघालेली नवरी याडीच्या म्हणजे आईच्या, बापाच्या, भावाच्या, तांड्याच्या नावाने ढावलो घालते. रडता रडता ती आपल्या तांड्याची ओळखच सांगत असते. होळीच्या लेंगी गीतांना आज मंच मिळतो, स्पर्धा होतात. ढावलो मांडवातच राहतो आणि तो गाणाऱ्या बायका दरवर्षी कमी होत आहेत. २०१३ मध्ये अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली निघालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडाने बंजारांच्या गोरमाटीसारख्या लिपी नसलेल्या भाषांकडे लक्ष वेधले. आत्माराम कनीराम राठोड यांच्या ‘तांडा’ या आत्मकथनाने तांड्याचे आतले जगणे मराठीत आणले. पण आत्मकथन लिहिणारा एखादाच असतो आणि प्रत्येक तांड्याला तो लाभत नाही.

रिद्धपूरची रीत

आठवणी गोळा करून ग्रंथ करण्याची रीत आपल्याकडे परक्यांनी आणली, असे मानण्याचे कारण नाही. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ त्याच रीतीने घडला आणि तोही विदर्भात. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या प्रयाणानंतर तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटाने लीळा जमवायला घेतल्या. नागदेवाचार्यांना विचारून, स्वामींना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांकडे जाऊन, एकेक प्रसंग पडताळून त्याने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी वेगळ्या पडल्या, तर दोन्ही पाठ राखण्याची शिस्त महानुभाव पोथ्यांत दिसते. पुढे धाडीत मूळ पोथी गेली, तेव्हा हिराइसा या स्त्रीच्या पाठांतरामुळे ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असे महानुभाव परंपरा सांगते.

‘स्थानपोथी’ तर गावाची आठवण कशी लिहावी याचा वस्तुपाठच आहे. स्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेच्या ओट्यावर बसले, तिथून दुसरे स्थान किती अंतरावर, हे त्यात नेमकेपणाने नोंदले आहे. शेकडो वर्षांनंतर देऊळ पडले तरी जागा सापडावी, इतकी ती नोंद काटेकोर आहे. आज कोणी आपल्या गावाची वही करायला बसला, तर सुरुवातीला स्थानपोथीची चार पाने वाचावीत.

आधुनिक काळात वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून रुमाल उतरवून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. यादव माधव काळे यांनी ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला. यवतमाळात डॉ. य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रम उभारून महानुभाव पोथ्यांचे आणि जुन्या कागदांचे मोठे धन वाचवले. या माणसांचे ऋण फार मोठे आहे. त्यांना कागद मिळाले ते साहजिकच जिथे कागद होते तिथले: देशमुख-देशपांड्यांचे वाडे, मठ, संस्थाने, दरबार. १९०८ मध्ये निघालेल्या यवतमाळ जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये उमरखेडचीही नोंद आहे, पण ती बाहेरच्या अधिकाऱ्याच्या नजरेतून. सालदाराचे घर, तांड्याचा तळ, आंधांची वाडी यांची बाजू सांगणारा कोणी तिथे नव्हता.

पाण्याखालचे गावठाण

गाव रिकामे करावे लागते तेव्हा आठवणीचे मोल सगळ्यात लख्ख दिसते. १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्याचे पुढारी. धरण झाले, गावे बुडाली. तरी मुळशी आज आपल्याला माहीत आहे, कारण भुस्कुट्यांनी त्यावर लिहिले आणि पुढे राजेंद्र व्होरा यांनी तो सगळा लढा कागदपत्रांतून पुन्हा बांधला. कोयनेची माणसे रायगड, ठाणे, सोलापूर, सांगलीपर्यंत विखुरली. पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा राज्याने केला तो १९७६ मध्ये, म्हणजे कोयनेची गावे उठल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. उजनीचे पाणी उन्हाळ्यात खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि माणसे आपल्या गावठाणाच्या खुणा पाहायला येतात.

नर्मदेच्या खोऱ्यात नंदिनी ओझा यांनी वेगळी वाट घेतली. त्यांनी धरणाविरुद्धच्या आंदोलनातल्या आदिवासींना स्वतःच्या शब्दांत बोलू दिले आणि ते ध्वनिमुद्रित केले. केशव वसावे आणि केवलसिंग वसावे या ज्येष्ठ आदिवासी कार्यकर्त्यांच्या कथनावर आधारलेले त्यांचे ‘लढा नर्मदेचा’ मराठीत निघाले. त्यात पुढारी बाहेरचा नाही. नदीकाठचे शेत, जंगलातली फळे, सण आणि सर्वेक्षणाला आलेली पहिली माणसे हे सगळे गावाच्या डोळ्यांनी दिसते.

पैनगंगेवर इसापूरचे धरण १९८० च्या दशकात पाण्याने भरू लागले. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या या जलाशयाने यवतमाळ आणि आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या गावांना जागा सोडायला लावली. खालच्या भागात कालवे आले, ऊस आणि हळद आली. उठलेल्या गावांना नव्या वसाहतीत प्लॉट मिळाले. नव्या गावाला जुने नाव मिळते, मारुतीची नव्याने प्रतिष्ठापना होते, शाळा सुरू होते. हरवते ते त्याहून बारीक असते. ‘चिंचेचे वावर’, ‘खालची खारी’, ‘बुढीचा धुरा’ अशी वावरांची नावे सातबाऱ्यावर कधीच नव्हती. तिथे फक्त गट क्रमांक होता. कोणत्या पांदणीने बैलगाडी जायची, पोळ्याचे तोरण कुठे बांधायचे, गुरांचा आखर कुठे होता, कोणाच्या विहिरीचे पाणी गोड होते, हे जागेला बांधलेले ज्ञान जागेबरोबरच जाते. वाट समोर दिसत नसेल, तर आजीला वाटेची गोष्टही आठवत नाही.

पैनगंगेच्या खालच्या अंगाला आता तोच प्रश्न उभा आहे. निम्न पैनगंगा प्रकल्पाला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतली ९५ गावे त्याच्या बुडीत क्षेत्राशी जोडलेली आहेत आणि तेव्हापासून तिथले लोक विरोधाचा लढा देत आले आहेत. धरण व्हावे की नाही हा निर्णय ज्याच्या त्याच्या जागी आहे. पण ही गावे आज उभी आहेत. वावरांत पीक आहे, देवळासमोर पार आहे, पारावर म्हातारी माणसे बसलेली आहेत. मुळशी, कोयना, इसापूर यांच्या वेळी जे करता आले नाही, ते इथे करता येण्यासारखे आहे.

नेसच्या लोकांनी काय केले

जगात गावाची आठवण राखण्याचा हा प्रश्न ज्यांनी चिकाटीने सोडवला, त्यांच्यापैकी एक मुलूख स्कॉटलंडच्या पश्चिमेकडची बेटे. तिथला छोटा शेतकरी जमीनदाराच्या जमिनीचा तुकडा खंडाने कसत असे. त्या तुकड्याला क्रॉफ्ट म्हणतात. शेजारची कुरणे सगळ्या वस्तीची सामाईक, आपल्या गायरानासारखी. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांसाठी वस्त्याच्या वस्त्या उठवल्या आणि माणसे समुद्रापार गेली. असंतोष वाढला तेव्हा १८८३ मध्ये सरकारने आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर पूर्वी मद्रासचे गव्हर्नर होते. आयोगाने बेटाबेटांवर जाऊन शेतकऱ्यांच्या साक्षी घेतल्या. कोणते घर कधी उठले, कोणाची जमीन कशी गेली, हे म्हाताऱ्यांनी गेलिक भाषेत सांगितले आणि ते लिहून घेतले गेले. १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टरला जमिनीवर टिकून राहण्याचा हक्क मिळाला. त्या मोठ्या लढ्यात लोकांच्या आठवणी साक्ष म्हणून उभ्या राहिल्या.

तरी बेटे ओस पडायची थांबली नाहीत. सेंट किल्डा बेटावरची शेवटची ३६ माणसे २९ ऑगस्ट १९३० रोजी बोटीत बसून निघाली. एडिंबरा विद्यापीठाने १९५१ पासून गावोगावची गाणी आणि गोष्टी ध्वनिमुद्रित केल्या, पण फिती एडिंबरात राहिल्या. १९७७ मध्ये लुईस बेटाच्या उत्तर टोकाच्या नेस भागातल्या लोकांनी स्वतःचे इतिहास मंडळ काढले. गावातल्याच तरुणांनी म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन बसायचे, बोलणे मुद्रित करायचे, पेटीतले फोटो बाहेर काढून त्यांतली माणसे ओळखून घ्यायची, कोणत्या क्रॉफ्टवर कोणते कुटुंब राहिले याची घरवार नोंद करायची, अशी कामाची रीत ठरली. सगळे मॅक्लाउड, मॉरिसन, मॅक्डोनल्ड असल्याने तिथेही माणूस आडनावाने ओळखता येत नाही. बाप, आजा, पणजा अशी साखळी सांगूनच तो ओळखतात. तांड्यातल्या राठोड-चव्हाणांना हे समजावून सांगायची गरज नाही.

पुढे इतर बेटांवरही अशी मंडळे निघाली आणि त्यांच्या नोंदी एकत्र जोडल्या गेल्या. कॅनडातल्या चौथ्या पिढीचा माणूस आज आपल्या पूर्वजांचे घर शोधत तिथे पोहोचतो, तेव्हा त्याला उत्तर देणारा त्याच गावचा असतो.

आपल्याकडे मोठ्या वास्तू होत आहेत आणि त्यांचे स्वागतच आहे. बंजारा समाजाचे तीर्थस्थान असलेल्या पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालय खुले झाले. संत सेवालाल महाराजांच्या स्थानी समाजाचा इतिहास भव्य रूपात मांडला जावा, ही अनेक पिढ्यांची इच्छा होती. पण बंदी भागातल्या एखाद्या तांड्याची नायकांची परंपरा, त्याने किती वेळा तळ हलवला, कोणती विहीर कोणी खणली, हे पोहरादेवीच्या दालनात मावणार नाही. महसुली गाव होताना तांड्याचे नाव बदलले, तर नायकाचे नावसुद्धा दोन पिढ्यांत पुसले जाते. ती नोंद तांड्यातच झाली पाहिजे आणि तांड्याच्याच हाती राहिली पाहिजे.

कायद्याने ठेवलेली जागा

या कामासाठी नवा कायदा लागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत तेरावा नियम पुराव्यांचा आहे. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांनी दिलेले आणि लिहून घेतलेले निवेदन तो पुरावा म्हणून मान्य करतो. वंशावळ मान्य करतो. सामूहिक हक्कासाठी देवराई, पवित्र झाडे, जुनी तळी, स्मशानभूमी यांच्या खुणाही मान्य करतो. बंदी भागात याला फार अर्थ आहे. आंध आणि गोंड अनुसूचित जमातींत आहेत. महाराष्ट्रातला बंजारा मात्र या कायद्यात ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतो आणि त्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. १९३० च्या सुमाराचा कागद तांड्यात क्वचितच सापडतो. म्हाताऱ्या माणसाची आठवण सापडते, आणि ती कधी लिहून घेतली यावर दाव्याचे बळ ठरते.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकजैवविविधता नोंदवही करायला सांगितले. माधव गाडगीळ यांनी त्या कल्पनेसाठी अनेक वर्षे काम केले. गावातली झाडे, बियाणे, औषधी, ओढे यांची माहिती गावकऱ्यांनीच सांगायची आणि गावातच ठेवायची, हे त्या वहीचे तत्त्व. त्याच वहीशेजारी गावाच्या आठवणीची दुसरी वही बसू शकते.

साधने हाताशी आहेत. बहुतेक घरांत मोबाइल आहे आणि तो तासभराचे बोलणे सहज मुद्रित करतो. काळजी घ्यायची ती पुढच्या कामाची. बोलणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि त्याची संमती सुरुवातीलाच नोंदली पाहिजे. गोरमाटीत सांगितलेले गोरमाटीतच आणि वऱ्हाडीत सांगितलेले वऱ्हाडीतच लिहून घ्यावे. शुद्ध मराठी करण्याच्या नादात अर्धा अर्थ जातो. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो चार महिन्यांत हरवतो, म्हणून एक प्रत शाळेत किंवा वाचनालयात आणि एक तालुक्याला ठेवली पाहिजे. दोन घरांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर रिद्धपूरच्या रीतीने दोन्ही लिहाव्यात. बाईला विचारताना सासरच्या आधी माहेर विचारावे. आणि सांगणाऱ्याचा वेळ फुकटचा मानू नये. ज्या समाजांनी शतकानुशतके दारोदार उभे राहून आठवण सांभाळली, त्यांच्या नातवंडांना या कामाचे मानधन आणि नाव दोन्ही मिळाले पाहिजे.

निम्न पैनगंगेच्या ९५ गावांत हे काम सुगी संपल्यावर, माणसे बाहेर पडण्याआधी, सुरू करता येईल. गट नकाशाची मोठी प्रत पारावर पसरायची. म्हाताऱ्यांना एकेका वावराचे नाव विचारायचे आणि गट क्रमांकाशेजारी लिहायचे. मग विहिरी, पांदणी, आखर, पोळ्याच्या तोरणाची जागा, तांड्याचे जुने तळ, सती-वीरांचे दगड, कबरस्तान, बुद्धविहार, मसणवटा. प्रत्येक घराची चार पिढ्यांची नावे, लेकी आणि सुनांसह, त्यांच्या माहेरच्या गावांसह. नवीन वसाहत झालीच तर तिथल्या शाळेच्या भिंतीवर हाच नकाशा लावता येईल. वसाहत झाली नाही, तर तो याच गावाच्या ग्रामपंचायतीत राहील आणि दाखल्यासाठी आजीपाशी बसलेल्या पुढच्या मुलाच्या उपयोगी पडेल.